पंधरा दिवसांत नवा व्यवसाय?

नोकरीवर गदा येण्याची चिन्हे दिसू लागली की 'दुसरे काही शिका' हा उपदेश सुरू होतो. तो गैर नाही. पण शिकताना घर कशावर चालवायचे, या प्रश्नाला उपदेशक सोयीस्कर बगल देतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर ज्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, त्यांपैकी साच्यावरचा कसबी कामगार भाजीची गाडी लावून बसला, कोणी पहारेकरी झाला. याला व्यवसायांतर म्हणणे ही शुद्ध थट्टा होय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, हे स्वागतार्हच. परंतु मालकाने त्यात भरावयाचे किती? १५ दिवसांचे वेतन! आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम एक वा दोन वर्षांचे असतात. नुकसानभरपाई वेगळी मिळते खरी. पण तीही सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी. म्हणजे चार वर्षे राबलेल्याच्या हाती जेमतेम दोन महिन्यांची बेगमी. निधीतील दिवसांचा आकडा अधिसूचना काढून बदलण्याची मुभा संहितेनेच केंद्र सरकारला दिली आहे. त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही.