चौकीतली नोंदवही आणि विद्यापीठाचे दार

(१/१८)
सीमेवर पहारा दिलेल्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर संशोधक व्हावे काय? या प्रश्नाला सध्या दोनच उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, ज्याने सीमा पाहिली त्यानेच तिच्याविषयी लिहावे, इतरांनी गप्प बसावे. दुसरा म्हणतो, वर्दीतला माणूस सरकारचीच री ओढणार, त्याला संशोधक कसले म्हणायचे? माझ्या मते दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि त्यांच्या भांडणात खरा दोषी नामानिराळा राहतो. आजचा धागा त्या दोषीविषयी.

(२/१८)
पनवेलमध्ये आम्ही काही जण रविवारी मोडी वाचायला बसतो. तिथे एक निवृत्त गृहस्थ येतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची उभी हयात सीमा सुरक्षा दलात गेली. कुंपण पडल्यावर सीमेवरच्या एका गावाचे काय झाले, यावर त्यांना प्रबंध लिहायचा आहे. साधने कोणती, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "चौकीची नोंदवही मीच लिहीत होतो. आज ती मला मागता येत नाही. आणि आठवणीतून लिहायचे तर आधी परवानगी हवी." हे त्यांनी हसत सांगितले. आम्हांला मात्र हसू आले नाही.

(३/१८)
काकांची अडचण समजून घेण्यासाठी आधी घराजवळचे उदाहरण पाहू. पनवेल तालुक्यातले शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव (१८४५). १८७९ च्या जुलैत मेजर डॅनियलच्या पथकाने त्यांना पकडले, पुण्यात खटला चालला आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त व रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली आणि न्यायालयात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली.

(४/१८)
आज फडक्यांविषयी जे विश्वसनीय म्हणून सांगता येते, त्यातला मोठा भाग याच कागदांतून येतो. म्हणजे ज्यांनी त्यांना बेड्या घातल्या, त्यांच्याच दप्तराने त्यांना जपले. पण ते दप्तर आपोआप बोलू लागले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड १९५७ मध्ये छापला, तेव्हा सामान्य अभ्यासकाला त्यात डोकावता आले. पोलिसी कागद हा इतिहासाचा शत्रू नाही. कुलूपबंद कागद हा इतिहासाचा शत्रू आहे.

(५/१८)
आता वर्दीतून ग्रंथालयात आलेल्या माणसांकडे वळू. मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्यास नेमले. जे राज्य आपल्या डोळ्यांदेखत संपले, त्याचाच कारभार पाहत त्याने कागद जमवले आणि १८२६ मध्ये लंडनला तीन खंड छापले. लवकरच कॅप्टन केपनने त्याचे मराठी भाषांतर केले, आणि आमच्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या आपला इतिहास जेत्याच्या पुस्तकातून शिकल्या.

(६/१८)
त्याला पहिले खणखणीत मराठी उत्तर कोणी दिले? पुण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने. १८६७ च्या सुमारास त्याने ग्रँट डफवर टीकात्मक निबंध वाचला आणि तो 'विविधज्ञानविस्तारा'त प्रसिद्ध झाला. "तू साताऱ्यास होतास काय?" हा प्रश्न कीर्तन्यांना अडवू शकला नाही. अधिकाऱ्याने जे पाहिले त्याचे मोल मान्य करूनही, त्याने जे पाहिले नाही ते दाखवता येते. पुढे मराठी कागदपत्रे छापण्याची जी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हीच असमाधानी वृत्ती होती.

(७/१८)
दुसरे उदाहरण एस. एम. एडवर्ड्‌स याचे. हा १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचा पोलीस आयुक्त होता. पद सोडल्यावर त्याने दोन कामे केली. १९२१ मध्ये ग्रँट डफच्या इतिहासाची नवी आवृत्ती संपादित केली, आणि १९२३ मध्ये मुंबई पोलिसांचा १६७२ पासूनचा इतिहास लिहिला. भंडारी शिपायांच्या पथकापासून सुरू होणारे हे पुस्तक आजही उपयोगी आहे. खात्याच्या आतल्या माणसाला जे बारकावे ठाऊक असतात, ते बाहेरच्याला सहजी मिळत नाहीत.

(८/१८)
मात्र त्याच पुस्तकातले शेवटचे प्रकरण खुद्द एडवर्ड्‌सच्याच कारकिर्दीवर आहे. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच! १९११ च्या मोहरमात मुंबईत गोळीबार झाला, तो याच कारकिर्दीत. मग पुस्तक जाळायचे काय? मुळीच नाही. त्या काळातील न्यायखात्याच्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत आणि अभ्यासकाला त्या मागवून पाहता येतात. एडवर्ड्‌सचे शब्द त्या फायलींवर घासून पाहता येतात, म्हणूनच त्याचे पुस्तक इतिहासाचे साधन ठरते. एरवी ती केवळ आत्मस्तुती ठरली असती.

(९/१८)
ही पडताळणी नसली की काय घडते, याचे उदाहरणही मुंबई इलाख्यातलेच आहे. १९०८ मध्ये पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी याने इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. जातवार नोंदी, पेहराव, बोली, चोरीच्या पद्धती. मांडणी अगदी शास्त्रीय. पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना उत्तर देण्याची सोय नव्हती. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यावरही बसली. ठाण्याच्या नोंदवहीतला संशय कायद्याची वस्तुस्थिती झाला.

(१०/१८)
३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला; शिक्का मात्र गेला नाही. पोलिसी 'संशोधना'ला आतून उत्तर मिळायला लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) यांची वाट पाहावी लागली. वर्दीचा अनुभव म्हणजेच ज्ञान, असे मानणाऱ्यांनी केनेडी आणि 'उचल्या' शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. केनेडीजवळ अनुभव कमी नव्हता. त्याला प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

(११/१८)
आता स्वतंत्र भारताच्या सीमेकडे येऊ. १९६२ च्या चीन युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केला. लेखक पी. बी. सिन्हा आणि पुण्याचे कर्नल अनिल आठले. मुख्य संपादक एस. एन. प्रसाद. सैनिकाने अभ्यासक होऊन मूळ कागदांवरून लिहिलेला इतिहास! १९९२ मध्ये तो सिद्ध झाला, आणि 'मर्यादित' असा शिक्का मारून सरकारने तो स्वतःपाशीच ठेवला. पुढे काही वर्षांनी तो महाजालावर फुटला, तेव्हा कुठे लोकांना वाचायला मिळाला. ज्या देशाने इतिहास लिहवून घेतला, त्या देशाच्या नागरिकाने तो चोरवाटेने वाचावा, यात कोणती सुरक्षा साधली?

(१२/१८)
त्याच युद्धावरील हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवालाची कथा याहून कडू. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो सह्याद्री, म्हणजे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, यांनीही सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेला अहवालातील निष्कर्षांचा सारांशच सांगितला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो अद्याप संवेदनशील असल्याचे संसदेत सांगितले. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग महाजालावर ठेवला. आमच्या पराभवाचा अभ्यास आम्ही परक्याच्या कृपेने करायचा!

(१३/१८)
आता खऱ्या दोषीकडे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, आसाम रायफल्स आदी संघटनांना कायद्यातून वगळले आहे. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती काय ती फट. वीस वर्षांपूर्वीच्या माहितीबाबत कलम ८(३) पुष्कळ मोकळीक देते. पण संघटनाच वगळली असेल तर ती मोकळीक कोणाच्या उपयोगाची? काकांची नोंदवही इथे अडते.

(१४/१८)
आणि काकांची आठवण कुठे अडते? मे २०२१ च्या अखेरीस केंद्राने निवृत्तिवेतन नियमांत दुरुस्ती केली. त्या अनुसूचीतील गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांनी संघटनेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रमुखाची अनुमती घ्यावी. इतकेच नव्हे, तर तिथे काम केल्यामुळे मिळालेले ज्ञान आणि तज्ज्ञता यांनाही हे बंधन लागू. नियम मोडला तर निवृत्तिवेतनावर गदा. जे ज्ञान विद्यापीठाला हवे, नेमके तेच या नियमाने पेन्शनच्या दोरीने बांधले आहे.

(१५/१८)
गंमत अशी की, त्यानंतर पंधरवड्याच्या आतच, १२ जून २०२१ रोजी, संरक्षण मंत्रालयाने युद्धेतिहासाचे नवे धोरण जाहीर केले. नोंदी साधारणतः पंचवीस वर्षांत खुल्या व्हाव्यात, युद्धाचा इतिहास पाच वर्षांत सिद्ध व्हावा. धोरण स्वागतार्ह आहे. तटरक्षक दल आणि आसाम रायफल्सही त्यात येतात. सीमा सुरक्षा दल मात्र गृह मंत्रालयाकडे. म्हणून ते बाहेर. एकाच सरकारचा एक हात पेटी उघडतो, दुसरा तोंड बांधतो.

(१६/१८)
आक्षेप येईल: सुरक्षेचे काय? खबऱ्यांच्या जिवाचे काय? आक्षेप रास्त आहे. खबऱ्याचे नाव, चालू मोहीम, शस्त्रांची जागा हे झाकावेच. पण १९७० सालच्या चौकीवर कोणत्या गावचे किती लोक चारा आणायला पलीकडे जात, हे झाकून कोणाचे रक्षण होते? आणि गुप्ततेने सीमा सुरक्षित राहते म्हणावे, तर आपल्या रायगडचा किनारा आठवा. १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली; १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली; आणि पुढे न्यायालयाने पोलीस व सीमाशुल्क खात्यांतल्याही काही जणांना दोषी ठरवले. पहारेकरी कुठे फिरला याचा अभ्यास कोणी करायचाच नाही काय?

(१७/१८)
म्हणून पहिल्या पक्षाला सांगणे: अनुभव ही साक्ष आहे, निकाल नव्हे. दुसऱ्या पक्षाला सांगणे: साक्षीदाराला दारातूनच हाकलणे हा न्याय नव्हे. सध्याच्या नियमांचा परिणाम उघड आहे. ज्याला गौरवगाथा लिहायची त्याची अनुमती अडण्याचे कारण नाही. ज्याला प्रश्न विचारायचे तो पेन्शनकडे पाहून गप्प बसतो. मग आपणच म्हणतो, वर्दीवाले खरे संशोधन करत नाहीत. पाय बांधून ठेवायचे आणि वर धावत नाही म्हणून हिणवायचे, असा हा प्रकार.

(१८/१८)
मागणी साधी आहे. सीमा दलांच्या पंचवीस वर्षांवरील नोंदी, नावे झाकून का होईना, पुराभिलेखागारात याव्यात. निवृत्तांच्या प्रबंधांना पूर्वानुमतीतून वगळावे. किमान ठरलेल्या मुदतीत लेखी व सकारण उत्तर द्यावे. आणि विद्यापीठात येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही मागणी सर्वांत पुढे होऊन करावी, कारण नोंदवही उघडली तर प्रश्न त्यांनाही विचारले जातील. ते ज्याला चालेल, तोच संशोधक. काका म्हणाले, "मला चालेल. माझ्या चुका मला ठाऊक आहेत. त्या तारखेनिशी सापडल्या तर बरेच." फडक्यांचे कागद उघडायला राज्य बदलावे लागले. काकांच्या नोंदवहीला नियम बदलला तरी पुरे. धागा समाप्त.