सुट्टीत पाहा माशांचा पाळणा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून लोणावळ्याला जाणार असाल, तर चिक्कीच्या खरेदीआधी वळवणच्या मत्स्यबीज केंद्राची चौकशी जरूर करा. केंद्र टाटांच्या वीज कंपनीचे आहे, म्हणून परवानगी आधीच विचारावी.

१९७० च्या सुमारास मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथे महसीर माशाची पैदास सुरू केली. पावसाळ्यात मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढतात, नराचे वीर्य मिसळतात आणि ती वाहत्या पाण्यात ठेवतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर! अगदी इवली ती ‘मत्स्यजिरे’, बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. मुलांना ही नावे फार आवडतील.

मात्र एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. इथली पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. त्यामुळेही तिथला मूळचा महसीर मागे पडला आणि २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू चांगला होता हो, पण नदी त्यांची नव्हती!

तेव्हा घरच्या काचपेटीतल्या माशांचा कंटाळा आला, तरी ते गोदावरीत सोडू नका. त्यात पुण्य नाही. दुकानदाराला परत द्या, नाहीतर एखाद्या हौशी शेजारणीला.