डोक्याला मार लागला, की खेळाडू बाहेर!

भातकापणी, झोडणी आटोपली की सफाळे, माकुणसार, केळवे पट्ट्यात कबड्डीची मैदाने आखली जातात. कॉलेजच्या संघांचेही हे धामधुमीचे दिवस. आमच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा गुडघा, घोटा, खांदा दुखावलेली मुले येतात. डोक्याला मार लागला म्हणून मात्र क्वचितच कोणी येते. खरी काळजी तीच आहे.

मागच्या हंगामात एक चढाईपटू आला, तोही खांद्यासाठी. बोलता बोलता कळले, की पकडीत त्याचे डोके बचावपटूच्या गुडघ्यावर आदळले होते. तोंडावर पाणी मारून, दोन मिनिटे बसवून त्याला पुन्हा चढाईला पाठवले. पुढचा अर्धा सामना त्याला आठवतच नव्हता. संघ जिंकला, म्हणून कोणी विचारलेही नाही.

मेंदूला बसलेल्या या हादऱ्याला कन्कशन म्हणतात. त्यात बहुतेकदा शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनही नॉर्मल येतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेपणा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ही त्याची लक्षणे. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो.

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये १९०५च्या हंगामात इतके मृत्यू झाले, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. तरीही कन्कशन झालेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही, हा दंडक तिथे यायला २०१० उजाडले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने अशा खेळाडूसाठी बदली खेळाडूची सोय २०१९मध्ये केली.

आपल्याला इतकी वाट पाहायची गरज नाही. कबड्डीत सात जण मैदानात, तर पाच राखीव असतात. डोक्याला मार लागून खेळाडू जरा जरी गोंधळला, तर त्या दिवसापुरता तो बाहेर, असे आयोजकांनी सामन्याआधीच जाहीर करावे. निर्णय कर्णधाराचा नको आणि त्या मुलाचाही नको. तो ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार. पुढे एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू सराव आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सामना.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा गुंगी दिसली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

चषक पुढच्या वर्षीही मिळेल. मुलगा घरी धड परतला पाहिजे.