ज्ञानाची दारे आणि घरातला जाणकार

झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे संशोधनकेंद्र स्थापन केले. संगणकांना एकमेकांशी जोडणारे ‘इथरनेट’ तेथेच जन्मले. पण त्यावर मोठा व्यवसाय उभारला तो १९७९ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी. अशा उदाहरणांचा अभ्यास करून हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये ‘खुल्या नवनिर्मिती’चा विचार मांडला : कंपनीने बाहेरचे ज्ञान आत घ्यावे आणि आपल्याकडे पडून राहिलेले बाहेर जाऊ द्यावे.

यातून सोयीचा अर्थ काढण्याचा मोह व्यवस्थापकांना होणे स्वाभाविक आहे. ज्ञान बाहेर विकत मिळत असेल, तर प्रयोगशाळेचा खर्च कशाला? परंतु कोहेन व लेव्हिन्थल यांनी १९९० मध्येच बजावले होते की, बाहेरचे ज्ञान ओळखण्याची व पचविण्याची शक्ती बरीचशी स्वतःच्या संशोधनातूनच येते. ब्रिटिश कारखान्यांच्या पाहणीवरून लॉर्सन व सॉल्टर यांनी २००६ मध्ये दाखविले की, ज्ञानाचे स्रोत वाढविल्याने प्रथम लाभ होतो, मर्यादा ओलांडल्यावर मात्र तो घटू लागतो.

दारे जरूर उघडावीत. पण हिऱ्याची पारख जवाहिऱ्यालाच असते. खर्चकपातीत त्यालाच निरोप दिला, तर दारात आलेला हिरा आणि गारगोटी यांतला फरक सांगणार कोण?