रस्त्यावरची तडजोड

पुण्याच्या एका उपनगरात गेल्या पंधरवड्यात एक किरकोळ अपघात झाला. वृत्तपत्रांत त्याची ओळही आली नाही. रात्रपाळी संपवून सायकलीवरून घरी निघालेल्या एका रखवालदाराला, कोणतीही खूण न करता डावीकडे वळलेल्या मोटारीचा धक्का लागला. तो तळहातावर पडला. सायकलीच्या पुढच्या चाकाची रिंग वाकली, चिमटा मुडपला. मोटारीच्या दारावर वीतभर ओरखडा उठला. मालक खाली उतरले. त्यांनी आधी ओरखडा पाहिला आणि मग माणूस पाहिला. पाचशेची नोट पुढे झाली. रखवालदाराने ती घेतली आणि हात जोडून म्हटले, “साहेब, चूक माझीच झाली.”

चूक त्याची नव्हती. संध्याकाळपर्यंत मनगट सुजले. डॉक्टरांची फी, क्ष-किरण फोटो, औषधे यांत ती नोट संपली. सायकलीची दुरुस्ती राहिलीच. आठ दिवस काम बुडाले आणि कंत्राटदाराने आठ दिवसांचा पगार कापला. विम्याचे कार्ड त्याला कंत्राटदाराने आजवर दिलेले नाही. मोटारीचा क्रमांक कोणी टिपला नव्हता. आमच्या एका कार्यकर्त्याला ही हकीकत समजली तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

या प्रसंगात कोणी क्रूर वागले असे आम्ही म्हणत नाही. मोटारमालक पळून गेले नाहीत. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे दया दाखवली. आमचा आक्षेप नेमका या दयेलाच आहे. जे हक्काने मिळावयाचे, ते भररस्त्यात भिक्षेच्या रूपाने दिले जाते, आणि घेणाराही ते उपकार म्हणून घेतो. चूक नसताना जोडलेले ते हात रस्त्यावर शिकलेले नाहीत. कारखान्याच्या फाटकावर, कंत्राटदाराच्या कचेरीत आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवर वर्षानुवर्षे मिळालेले ते शिक्षण आहे.

असे अपघात किती होतात, हे शासनालाही ठाऊक नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात रस्त्यांवर १,७२,८९० माणसे मेली आणि ४,६२,८२५ जखमी झाली. म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीही नाहीत. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १,६२४ मृत्यू झाले, आणि मृत व जखमी मिळून नोंद झाली ती सुमारे १ लाख ३३ हजारांची. आपल्या रस्त्यांवर माणसे सहसा मरतात आणि क्वचितच खरचटतात, असा याचा अर्थ कोणी करणार नाही. अर्थ उघड आहे : आपल्याकडे मृत्यूची नोंद होते, दुखापतीची होत नाही. जी जखम कागदावर नाही, तिची भरपाईही नाही.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची जबाबदारी चालकावर टाकते. जागेवर पोलीस नसेल, तर शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक मोटारीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. बेदरकार वाहन चालवणे व त्यातून दुखापत करणे हे भारतीय न्याय संहितेच्या २८१ व १२५ या कलमांखाली दखलपात्र गुन्हे आहेत. “आपसांत मिटवा” असे सांगून जखमीला परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही ठाण्याला नाही.

तथापि कायद्यातही एक मोठे भगदाड आहे. कोणाची चूक हे सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व १६४ व्या कलमात आहे. मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. त्याखालच्या दुखापतीला हे कलम लागू नाही. आमच्या रखवालदाराचे हाड मोडले नाही ही आनंदाची गोष्ट. पण हाड मोडले नाही म्हणूनच त्याला न्यायाधिकरणापुढे चालकाची चूक स्वतः सिद्ध करावी लागणार. २०१९ च्या दुरुस्तीने त्या अर्जाला सहा महिन्यांची मुदतही घातली आहे. आठ दिवसांच्या मजुरीसाठी किती तारखांच्या मजुरीवर पाणी सोडावयाचे, हा हिशेब कोणताही श्रमिक तोंडी करू शकतो. म्हणूनच तो पाचशेची नोट घेतो.

यावर उपाय नाही असे नाही. नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांच्या अपघातात जबाबदारी मुळातच मोटारमालकाची मानली जाते. चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण भरपाई मिळते. मोठ्या सायकलस्वाराची चूक असली, तरी ती जाणूनबुजून वा तशाच बेपर्वाईने केलेली नसेल तर निदान निम्मी मिळते. फ्रान्सने १९८५ च्या कायद्याने पादचारी व सायकलस्वार यांच्या शारीरिक इजेबाबत असेच संरक्षण दिले. यामुळे सायकलस्वार बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. भरपाई मिळते म्हणून कोणी आपले मनगट मोटारीखाली घालत नाही. टनभर वजनाचे यंत्र जो रस्त्यावर आणतो, त्या यंत्राच्या धोक्याचा भारही त्यानेच उचलावा, यात अन्याय कोणता?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व लहान दुखापतीला, बुडालेल्या मजुरीला आणि मोडलेल्या सायकलीलाही लागू करावे. आणि अशा लहान दाव्यांचा निकाल ठरावीक मुदतीत, वकिलाविना लागेल अशी व्यवस्था करावी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. मार्ग हवेतच, पण मार्गावरून फेकल्या गेलेल्या माणसाचे पुढे काय, याचे उत्तर केवळ रंगवलेल्या पट्ट्यांनी मिळत नाही.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीत असा अपघात झाला, तर पहिला तास महत्त्वाचा असतो. मोटारीचा क्रमांक टिपून घ्यावा, वाहनांची व जागेची छायाचित्रे काढावीत, दोन साक्षीदारांची नावे घ्यावीत. दुखत नसले तरी जखमीस डॉक्टरांकडे न्यावे. डोक्याला मार लागला असेल तर रात्री एकटे सोडू नये, आणि उलटी वा गुंगी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. दाखला व पावत्या जपून ठेवाव्यात. ठाण्यात जखमीसोबत जावे. दुखापतीचा पुरता अंदाज येण्यापूर्वी कोणत्याही तडजोडीवर सही वा अंगठा देऊ नये. जखमी कामगार राज्य विम्याखाली येत असेल, तर घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघातालाही २०१० पासून विम्याचे संरक्षण आहे, हे त्याच्या मालकाला ठणकावून सांगावे.

मोर्चे आणि परिषदा यांच्या तुलनेने हे काम लहान वाटेल. परंतु रस्त्यावर पडलेल्या माणसाला उठवताना, “चूक तुझी नव्हती” एवढे त्याच्या कानात कोणीतरी सांगावे लागते. जोडलेले हात त्या वाक्याने सुटतात. ते वाक्य उच्चारणारा माणूस प्रत्येक नाक्यावर आपल्या पक्षाचा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.