मंगळवारची फेरी कुणाची?
कॅन्सरच्या पेशंटला "काही लागलं तर सांग हं" म्हणणारे पनवेलमध्ये पुष्कळ भेटतात. "मंगळवारची फेरी माझी" म्हणणारा एखादाच. खरं काम त्या फेरीतच असतं. १९४१ पासून चालू असलेलं परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं तर हार्बरनं कुर्ल्याला उतरा, पूल चढा, मध्य रेल्वेची स्लो लोकल पकडा. टाटाचंच खारघरचं ॲक्ट्रेक जवळ, पण रेडिएशन म्हटलं की बहुतेकदा आठवड्याचे पाच दिवस, तेही काही आठवडे. मशीनखाली मिनिटं, बाकड्यावर तास. घरचं माणूस रजा टाकून टाकून थकतं. तिथे मित्रानं फाइल सांभाळावी, रिपोर्ट तारखेवार लावावेत, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून आपल्याला सर्दी असेल त्या दिवशी भेटायला न जाणं हीच मैत्री. आणि रात्री त्याचा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता गाडी काढणं, हीसुद्धा. (गोमूत्राचे नि गव्हांकुराचे फॉरवर्ड मात्र कृपया स्वतःजवळच ठेवा.) सोबतीचं मोल रेल्वेला आपल्याआधी कळलंय: उपचारासाठीच्या लांबच्या प्रवासात ती पेशंटबरोबरच्या एका माणसालाही भाड्यात सवलत देते. आणि वाटेत आजाराबद्दलच बोलायला हवं असं कुठे आहे? मानसरोवर ते वाशी, कुणाचा फ्लॅट कितीला गेला यावर मनसोक्त भांडता येतं.