जॅकने उचला, स्टँडवर ठेवा

बंगळूरजवळच्या येलहंक्याचे नाव घेतले की हवाई दलाचा तळ आणि १९९६ पासून तिथे भरणारे 'एरो इंडिया' हे विमानांचे प्रदर्शन आठवते. विमानाचे चाक काढायचे असेल तर विमानही जॅकवरच उचलावे लागते. पण त्या जॅकच्या दांड्यावर आट्यांची एक जाड कडी असते. विमान वर गेले की ती फिरवून घट्ट बसवतात. मग तेलाचा दाब अचानक गेला, तरी भार लोखंडावर राहतो.

रविवारी घरासमोर मोटारीखाली शिरणारे अनेक जण मात्र नुसत्या जॅकवर विसंबतात. हा जिवाशी खेळ आहे. मोटारीसोबत मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरताच असतो. त्याचा तळ अरुंद असल्याने मोटार जराशी सरकली तरी तो कलंडतो. हायड्रॉलिक जॅकमध्ये सारा भार तेलावर असतो. आतले रबरी सील झिजले की मोटार खाली येते. मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारीचे वजनही सुमारे ६५० किलो असते. त्याचा थोडासा भार छातीवर आला, तरी श्वास कोंडतो.

म्हणून घरी काम करायचेच असेल, तर पुढील काळजी घ्या.

जागा सपाट व टणक हवी. बंगळूरकडे बऱ्याच घरांच्या फाटकापुढे उतार असतो. तिथे मोटार उचलू नका. पावसात भिजलेल्या मातीत जॅक रुततो.

मोटार गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच थोडे सैल करा.

जॅक आणि स्टँड कुठे लावायचे, ते मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मोटार उचलल्यावर तिच्या वजनाला पुरेसे जॅक स्टँड त्या जागी ठेवा आणि जॅक सावकाश उतरवून भार त्यांच्यावर येऊ द्या. मग बाहेर उभे राहून मोटार हाताने हलवून पाहा. ती डगमगली, तर पुन्हा उचलून स्टँड नीट बसवा. काढलेले चाक मोटारीखाली आडवे ठेवले, तर आणखी एक आधार होतो.

विटा किंवा बांधकामाचे पोकळ सिमेंटचे ब्लॉक स्टँडऐवजी कधीही वापरू नका. भिंतीत ते पक्के असले, तरी एका ठिकाणी भार आला की अचानक फुटतात.

घरच्यांनीही लक्ष द्यावे. काम चालू असताना मुलांना दूर ठेवा, मोटारीत कोणालाही बसू देऊ नका आणि मोटारीखालच्या माणसाला एकटे सोडू नका. दुर्दैवाने कोणी अडकलेच, तर त्याला ओढू नका. जॅकने मोटार पुन्हा उचला, आधार द्या, शेजाऱ्यांना हाक मारा आणि लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा.

स्टँड नसतील, तर काम गॅरेजवाल्याकडे सोपवा. त्याची मजुरी माणसाच्या जिवापेक्षा महाग नाही.